जनरेटरवर काय काय घ्यायचं

ऑस्ट्रेलियात राहून घराला जनरेटर बसवणारी आमच्या अख्ख्या खानदानातली मी पहिली. आणि नातेवाइकांना विचाराल तर शेवटची. "लोक लोडशेडिंगला कंटाळून देश सोडतात, आमच्या हिने ते इथे येऊन विकत घेतलं," असं माझा चुलत भाऊ मेलबर्नच्या पॉइंट कुक भागातल्या एका गणपतीच्या जेवणात, हातात ताट घेऊन, सगळ्यांना सांगत होता. मी त्याच्या मागेच उभी होते, मसालेभाताच्या रांगेत. म्हटलं, "हो, घेतलं. तुला काय त्रास आहे?" तो म्हणाला, "अगं, गंमत केली." मला असल्या गमती कळत नाहीत आणि कळून घ्यायच्याही नाहीत.

हा भाऊ आला स्किल्ड व्हिसावर, मी आले स्टुडंट व्हिसावर. हा फरक त्याने इतक्या वर्षांत कुणाला विसरू दिलेला नाही. मला पीआर मिळून, नागरिकत्व घेऊन, केस पांढरे व्हायला लागले तरी ओळख करून देताना "ही आमची बहीण, स्टुडंट म्हणून आली होती" हे शेपूट आहेच. आले होते, मग? चोरी केली? क्लेटनला तेव्हा विद्यार्थ्यांचा नुसता पूर होता. एका घरात आम्ही इतक्या मुली राहायचो की सकाळी बाथरूमचा नंबर लावायला दारापुढे चपला ओळीने ठेवायचो. युनीत जायचं, संध्याकाळी कॅफेत कप विसळायचे, रात्री कुणाच्या तरी पायाशी गादी टाकून झोपायचं. त्यातून शिकले, नोकरी मिळवली, लग्न केलं, मोडलंही. नवरा ब्रिस्बेनला आहे, सुखात असेल. माझं त्यावर काही म्हणणं नाही.

आता मी क्लेटनजवळच्याच एका कॉलेजात, बाहेरून आलेल्या पोरांना राहायला खोल्या शोधून देणाऱ्या टेबलावर बसते. पूर ओसरलेला नाही, उलट वाढलाय. दिवसभर एकच शब्द कानावर पडतो: रूम. मॅडम, रूम आहे का. दीदी, शेअरिंग चालेल, किचनमध्ये पण चालेल. असं दिवसभर ऐकून संध्याकाळी मला माणूस नको असतं. म्हणून ट्रेनची लाइन जिथे संपते त्याच्याही वर, डोंगरात, गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांत एक जुनं लाकडी घर घेतलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. "पॉइंट कुकला घे की, नवीन घरं आहेत, आपली माणसं आहेत." वहिनी, म्हणजे या चुलत भावाची बायको, म्हणाली, "तिथे आपलं कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही, म्हणूनच तर."

तर हे असं माझं चाललेलं असताना पुण्यात आई गेली. बाबा सख्ख्या भावाकडे, दादाकडे राहायला लागले. दादाचं आणि माझं भांडण नाही, पण दादाला प्रत्येक गोष्टीची सोय लावायची असते. त्याने बाबांची सोय लावायला घेतली. शहराबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास निघालं होतं, डॉक्टर आत, मंदिर आत, बाग आत. बाबा बघून आले. मी फोनवर विचारलं, "कसं आहे?" म्हणाले, "छान आहे. जेवायची वेळ झाली की घंटा होते." आणि माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने जन्मभर बँकेची शाखा उघडली आणि बंद केली, त्याने आता घंटा झाली की उठायचं?

"माझ्याकडे या," मी म्हटलं.

"लेकीकडे?" बाबा म्हणाले. असं म्हणाले की जणू मी त्यांना हॉटेलात राहायला सांगितलंय.

"लेकीकडे. का? लेकीच्या घरात भिंती नसतात का?"

ते बघू म्हणाले. बाबांचं "बघू" म्हणजे नाही, हे आम्हा दोघा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे. तरी मी हट्टालाच पेटले आणि त्यांना थोडे महिने तरी बघून जा म्हणून बोलावून घेतलं. चूक एवढीच झाली की त्यांच्या सवडीने ते आले ऐन हिवाळ्यात, जूनमध्ये.

आमच्या डोंगरात हिवाळ्याचा वारा सुटला की झाडं पडतात आणि झाडं पडली की तारा तुटतात. यात नवल काही नाही. पण घर घेतल्यापासून माझ्या वाट्याला तोवर ते आलं नव्हतं. आलं ते नेमकं बाबा घरात एकटे असताना. मी क्लेटनला कामावर. भर दुपारी लाइट गेले. घरात हीटर बंद, बाहेर गारा. दादाचा पुण्याहून नेहमीचा फोन आला, बाबा म्हणाले, दिवे गेलेत. झालं! दादाने तडक पॉइंट कुकला फोन केला. चुलत भाऊ त्या दिवशी घरून काम करत होता. गाडी काढून, अख्खं मेलबर्न ओलांडून आला आणि बाबांना बॅगेसकट उचलून घेऊन गेला. मला मेसेज: "काकांना आम्ही घेऊन आलोय. तू टेन्शन घेऊ नकोस."

मी रस्त्यात पडलेल्या झाडापाशी अडकलेली. घरी पोचले तर अंधार, आणि टेबलावर बाबांचा अर्धा प्यालेला चहा. मी कोट पण काढला नाही. आल्या पावली गाडी वळवली आणि पॉइंट कुक गाठलं.

तिथे बाबा सोफ्यावर, पायात वहिनीचे लोकरीचे मोजे, हातात आल्याचा चहा. घर असं ऊबदार की मला घाम फुटला. वहिनी म्हणाली, "बाई, आमच्याकडे लाइट जातच नाहीत." फोनच्या स्पीकरवर दादा. "झाली हौस?" म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाबांना म्हटलं, "चला घरी." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे आणि फोनकडे. म्हणाले, "आता आलोय तर राहतो इथेच. तुला उगाच त्रास." पुढचे सगळे दिवस ते तिथेच राहिले आणि तिथूनच विमानात बसले. माझ्या लाकडी घरात त्यांची एक पांढरी उशी तेवढी राहिली. ती मी धुतलीसुद्धा नाही, इतका मला राग आला होता.

एअरपोर्टवर दादाच्या सांगण्यावरून चुलत भावाने विषय काढला. निवासातली खोली धरून ठेवलीय, पुढच्या वर्षी पक्कं करायचं. "काका, तुम्ही फक्त हो म्हणा." बाबा मला म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "नक्की बघा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यायचंय तुम्हाला. तेव्हा माझ्या घरात दिवे गेले तर मी तुम्हाला स्वतः त्या घंटेच्या घरात सोडून येईन." बोलून बसले. आता मागे फिरायची सोय नव्हती.

म्हणून जनरेटर.

मी चौकशी सुरू केली तेव्हा भाऊ म्हणाला, "लग्नाच्या मांडवामागे असतो तसा? धूर सोडणारा?" मी म्हटलं, "हो, आणि तुला अक्षता टाकायला बोलावीन." प्रत्यक्षात तो एक करड्या रंगाचा, कमरेइतका पेटारा निघाला. घराच्या मागच्या बाजूला सिमेंटचा ओटा घालून त्यावर बसवायचा, गॅसच्या बाटल्यांना जोडायचा. लाइट गेले की आपला आपण सुरू होतो, आले की बंद होतो. आपण हातही लावायचा नाही. हे मला फार आवडलं. बाबांना उठायला लागणार नाही, घाबरायला लागणार नाही, कुणाला फोन करायला लागणार नाही.

बसवायला आला तो खालच्या गावातला इलेक्ट्रिशियन. थंडीत हाफ पँट घालणारा, बोलका गडी. म्हणाला, हा एवढासा पेटारा अख्खं घर ओढणार नाही, कुठली कुठली सर्किटं त्याच्यावर घ्यायची ते ठरव. आणि इथे माझ्यातली पुण्याची बाई जागी झाली. मला काय शिकवतो हा? आमचं बालपण गेलंय यात. घरी इन्व्हर्टर बसवला तेव्हा तो बसवणारा माणूस आईला म्हणाला होता, "काकू, प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा, टीव्ही घ्या. गिझर, इस्त्री, पंप, याला हात लावायचा नाही. बॅटरी झोपते." ते माझ्या डोक्यात कोरलेलं. मी घडाघडा सांगितलं: सगळे दिवे, बाबांच्या खोलीचा हीटर, हॉलचा हीटर, फ्रिज, टीव्ही, इंटरनेट, देवघराचा प्लग.

"पंप?" तो म्हणाला.

"नको."

"शुअर?"

"पंप कोण टाकतं जनरेटरवर!" मी म्हटलं. अर्थात इंग्रजीत म्हटलं, पण नाक मुरडलं ते मराठीतच. माझ्या डोक्यात पंप म्हणजे सोसायटीचा वॉचमन सकाळी चालू करतो तो. त्याने एकदा पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं की दिवसभर ते आपलं आपण खाली येतं. तो गडी खांदे उडवून "नो वरीज" म्हणाला आणि कामाला लागला. त्याला वाटलं असेल, हिने काही दुसरी सोय केली असेल. संध्याकाळपर्यंत काम झालं. त्याने मेन स्विच पाडून दाखवला. सगळं शांत झालं, मग मागून घरघर झाली आणि हॉल उजळला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढच्या जूनमध्ये बाबा आले. विमान नुसतं पोरांनी भरलेलं. एकेकाच्या ट्रॉलीवर कुकर, एकेकाची आई व्हिडिओ कॉलवर. त्यातून बाबा कानटोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, "माझ्या शेजारच्या मुलाला खोली मिळालेली नाही अजून. तुझा नंबर दिलाय." म्हटलं, "द्या, अख्ख्या विमानाला द्या."

त्या वेळी त्यांनी माझ्या घरी राहायचं कबूल केलं होतं, पण मनातून त्यांचं ठरलेलं दिसत होतं. परत गेल्यावर निवासात जायचं. दादाने पडदे कुठल्या रंगाचे हवेत इथपर्यंत विचारलं होतं. मी मात्र चंग बांधला. बाबांना माझ्या घरी इतका आराम द्यायचा की त्यांनी जायचं नावच काढू नये. गादी गरम करणारी चादर आणली. हीटरच्या रिमोटवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कपबशी उचलायला गेले की, "बाबा, ठेवा, भांड्यांचं मशीन आहे." अंगणातला पाचोळा झाडायला निघाले की, "बाबा, नको, पायऱ्या ओल्या आहेत." रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते किचनच्या ओट्यापाशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "आज काय काम आहे?" मी म्हणायचे, "काही नाही. तुम्ही आराम करा." मग ते खुर्चीत बसायचे आणि बाहेरच्या झाडांकडे बघायचे. मला वाटायचं, किती निवांत दिसतायत.

लाइट मात्र जाईनात! वाट बघून कंटाळले. माझा जनरेटर दर आठवड्याला आपला आपण थोडा वेळ घरघरून गप्प बसायचा. बाबांना त्याचं कौतुक नाही. मी मेले रोज हवामान बघत होते. शेवटी एका रविवारी जोराच्या वाऱ्याचा इशारा आला आणि मी काय करावं? पॉइंट कुकला फोन केला आणि तिघांना जेवायला बोलावलं. भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. हो, मुद्दाम बोलावलं. दादाला जे काही कळायचं ते यांच्याच तोंडून कळणार होतं. होऊन जाऊ दे म्हटलं.

ते आले तेव्हा झाडं वाकत होती. मी भरीत केलं होतं, भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं. हॉलमध्ये क्रिकेट लागलेलं. आणि गेले! टीव्ही बंद, हीटर बंद, फ्रिज गप्प. भावाच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं, तेवढ्यात मागून घरघर झाली आणि सगळं पुन्हा लखलखलं. देवघरातला दिवासुद्धा. मी पिठाचे हात तसेच वर धरून दारात येऊन उभी राहिले. "काय म्हणत होतास? मांडवामागचा?"

"मानलं बुवा," भाऊ म्हणाला. खरंच म्हणाला. वहिनी म्हणाली, "बाई, आवाजही फार नाही की." बाबा मान हलवून म्हणाले, "चांगलं आहे." मला आकाश ठेंगणं झालं. भावाने दादाला केलेला फोनही मनात ऐकू यायला लागला.

तेवढ्यात भावाची मुलगी बाथरूममधून ओरडली, "डॅड, देअर्स नो वॉटर!"

मी म्हटलं, नळ नीट उघडला नसेल. किचनमधला उघडला. एक घोटभर आलं, फुस्स झालं, संपलं. दुसरा उघडला. तोही तसाच. पीठ हातावर वाळायला लागलं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या घराला गावचं पाणी नाही. छपरावरचं पावसाचं पाणी खालच्या बाजूच्या मोठ्या टाकीत साठतं आणि तिथून पंप ते वर घरात ढकलतो. गच्चीवर टाकी नाहीच, कारण गच्चीच नाही. तो इलेक्ट्रिशियन दोनदा विचारत होता तो हाच पंप. आणि मी नाक मुरडलं होतं.

भाऊ सोफ्यावर आडवा होऊन हसत होता. "टीव्ही चालू, फ्रिज चालू, देव चालू, नळ बंद! अगं, कमाल आहेस तू!" मग डोळे पुसून, फार मायेने, मोठ्या भावाच्या आवाजात म्हणाला, "काका, चला. बॅग भरा. लाइट येईपर्यंत आमच्याकडे. हिच्या प्रयोगांत तुमची फरफट नको." वहिनी बाबांचा स्वेटर शोधायला उठलीसुद्धा. मीच म्हटलं होतं ना, दिवे गेले तर स्वतः सोडून येईन? दिवे होते. पण पाण्यावाचून म्हाताऱ्या माणसाला घरात कसं ठेवायचं? माझे डोळे भरून आले आणि हात पिठाचे, पुसताही येईनात.

बाबा खुर्चीतून उठले. शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली.

"टाकी कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं.

"मागे. खाली."

"तिला खाली नळ आहे?"

"आहे, पण बाबा, बाहेर पाऊस..."

"बादली दे."

"बाबा, पायऱ्या ओल्या आहेत. घसराल!"

"घसरलो तर घसरलो," बाबा म्हणाले. पँट दुमडायला लागले. मग भावाकडे वळले. "आणि तू काय लोळतोयस? ते मोठं पातेलं घे. चल."

बाबांनी असा आवाज काढलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. स्किल्ड व्हिसावर आलेला माझा भाऊ निमूट उठला आणि पातेलं घेऊन त्यांच्यामागे पावसात गेला. मी खिडकीतून बघत होते. बाबा टाकीपाशी उकिडवे बसून बादली भरत होते आणि याला हात करून, कसं उचलायचं ते सांगत होते. भरलेली बादली घेऊन बाबा पायऱ्या चढले ते न थांबता. दारात आले तेव्हा कानटोपीतून पाणी गळत होतं.

पुण्यात आमच्या जुन्या घरी पाणी ठरलेल्या वेळेला यायचं आणि ते भरायचं काम बाबांचं असायचं. आईला त्यांनी त्याला हात लावू दिला नव्हता. तीच शिस्त आता माझ्या किचनमध्ये सुरू झाली. प्यायचं आधी, स्टीलच्या डब्यात, गाळून, उकळायला गॅसवर. मग स्वयंपाकाचं. मग वापरायचं. प्रत्येक बाथरूममध्ये एक बादली. "तांब्या नाही तुझ्याकडे?" मी प्लॅस्टिकचा मग दिला. त्यांनी नाखुशीने घेतला. भावाच्या मुलीला बोलावून बादलीतून फ्लश कसा करायचा ते दाखवलं. ती "इट्स लाइक कॅम्पिंग" म्हणत खूश. पातेली, कढया, कुकर, सगळं भरून झालं तेव्हा ओट्यावर भाकरी थापायला जागा उरली नव्हती. मग आम्ही जेवलो. भावाने ओले मोजे हीटरवर वाळत घातले होते.

बॅगेचा विषय वहिनीने एकदा काढून बघितला. "काका, निघायचं ना?" बाबा भाकरी मोडत म्हणाले, "तुम्ही निघा. अंधार व्हायच्या आत निघा. मला संध्याकाळची एक खेप आहे अजून."

ते गेल्यावर मी बाबांना आल्याचा चहा दिला. त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "बाबा, माझी चूक झाली. पाण्याचं लक्षातच आलं नाही."

"गेल्या वर्षीही आलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"दिवे गेले तेव्हा. नळाला पाणी नव्हतं. मला वाटलं, इथली वेळ असेल. येईल पाच वाजता."

मला हसावं की रडावं कळेना. "मग सांगितलं का नाहीत? आणि गेलात कशाला त्यांच्याबरोबर? थंडी वाजत होती म्हणून?"

बाबांनी चहा संपवला. "थंडीचं काय एवढं. इथेही बसायचंच होतं, तिथेही बसायचंच होतं. तो न्यायला आला, गेलो." असं अगदी सहज म्हणाले, तक्रार म्हणून नाही. मला ते फार लागलं. मी इतकी धडपडत होते या माणसासाठी, आणि त्याला माझं घर, भावाचं घर आणि ते निवास यांत फरकच वाटत नव्हता.

लाइट दुसऱ्या दिवशी आले. मी लगेच इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो आठवडाभरात आला. दार उघडताच मी म्हटलं, "माझी चूक होती, पंप जोड." तो भला माणूस, हसला नाही. थोडी जागा आहे म्हणाला, जोडतो. बोर्डाचं झाकण काढून उभा राहिला.

बाबा आतून आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. "हा वायरमन काय करतोय?"

"पंप जनरेटरवर घेतोय. म्हणजे आता लाइट गेले तरी पाणी येईल. तुम्हाला त्रास नको परत."

"मला त्रास झाला असं मी म्हणालो?"

"तुम्ही कशाला म्हणाल! या वयात बादल्या उचलायच्या?"

"राहू दे तो पंप," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, असं काय करताय? उद्या मी कामावर असेन, तुम्ही एकटे असाल, पाऊस असेल..."

"असेन की. भरून ठेवीन. तू येशील तेव्हा सगळं भरलेलं असेल." मग ते माझ्याजवळ आले. इलेक्ट्रिशियनला मराठी कळत नाही, तरी आवाज खाली आणला. "सगळंच त्या पेटाऱ्याला जोडलंस तर मी इथे काय करू? नुसतं बसायचं तर पुण्याची खोली आहेच. तिथे घंटा तरी होते."

मी भांडणारी बाई आहे. नवऱ्याशी भांडले, दादाशी भांडले, व्हिसाच्या कचेरीशी भांडले. त्या क्षणी मात्र भांडण माझं माझ्याशीच होतं. मी वर्षभर ज्यासाठी लढत होते ते मीच त्यांच्या हातातून काढून घेत होते, कप, झाडू, सगळं.

मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, "राहू दे. नको जोडूस."

"शुअर?" तो म्हणाला. या वेळी खरोखरच गोंधळला होता.

"शुअर."

त्याने झाकण लावलं, बाबांकडे बघून "नो वरीज, मेट" म्हणाला. बाबांनी त्याला चहा विचारला. त्याने हो म्हटलं. मी करायला उठले तर बाबा म्हणाले, "तू बस. मी ठेवतो."

जुलैच्या शेवटी दादाचा फोन आला. बाबा तेव्हा मागच्या पायऱ्या झाडत होते. मी मनावर दगड ठेवून गप्प बसले होते, "ओल्या आहेत" म्हटलं नाही. फोन मी त्यांच्याकडे नेऊन दिला आणि स्पीकर चालू केला. दादा म्हणाला, "बाबा, ते निवासवाले विचारतायत. खोली आता पक्की करावी लागेल. कधी येताय?"

"दुसऱ्या कुणाला देऊ दे," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मला जमणार नाही. इथे वारा सुटला की दिवे जातात."

"तेच तर म्हणतोय मी! आणि तिने तो जनरेटर बसवलाय ना एवढा? तो काय करतो?"

"तो दिवे बघतो," बाबा म्हणाले. झाडू दुसऱ्या हातात घेतला. "पाणी माझ्याकडे आहे."